गाडीचा स्टँड आणि दगडोबाचं नाव

वैजनाथनं गाडीचा स्टँड घ्यायचं ठरवलं त्याला आज अकरावा दिवस होता, आणि अजून तो रिव्ह्यूच वाचत होता.

गोरेगावात पोरगी बघतानासुद्धा कुणी इतकी चौकशी करत नाही. वैजनाथचं स्वतःचं लग्न दीड दिवसात जमलं होतं आणि त्यातला अर्धा दिवस जेवणात गेला होता. पण स्टँड म्हणजे काय बायको आहे का, डोळे झाकून हो म्हणायला? त्याला सगळं नीट पारखून घ्यायचं होतं. एकानं लिहिलं होतं, 'अजून वापरला नाही, पण एक नंबर आहे.' दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'डिब्बा मजबूत था.' तिसऱ्यानं एकच तारा दिला होता, कारण पार्सल आणणारा माणूस त्याच्याशी उर्मट बोलला होता. आणि एका उत्साही भावानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'गाड़ी क्या, भैंस भी उठा लेगा.'

"इतकं वाचलं असतं तं तलाठी झाला असता," अंगणात शेळ्यांना पाला टाकता टाकता त्याचा बाप दगडोबा म्हणाला.

वैजनाथनं लक्ष दिलं नाही. माणूस अभ्यास करत असला की घरचे बोलतातच.

मुळात ही वेळ आली कशी, तर गाडीमुळे. वैजनाथच्या मोटारसायकलला डबल स्टँड नव्हता. कंपनीचं म्हणणं असं की डबल स्टँडनं गाडीचा लुक जातो. आता चेनला तेल सोडायचं तर मागचं चाक उचलायचं कसं, हा प्रश्न कंपनीनं लुकवाल्यांवर सोडून दिला होता. इतकी वर्षं वैजनाथ गाडी एसटी स्टँडाजवळच्या मोहनसिंगच्या गॅरेजला न्यायचा. मोहनसिंग जुन्या इंजिनातलं काळंकुट्ट तेल एका फुटक्या डब्यात ठेवायचा आणि रंगाच्या ब्रशनं चेनला फासायचा. गाडी पळायची. कुणाची तक्रार नव्हती.

मग वैजनाथनं मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. सगळे मिळून चौदा. पंधराव्याची त्याला गरज वाटली नाही.

"मोहनसिंगभाऊ, हे जळकं तेल लावून चेन खराब करून राहिले तुमी," तो गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला. "चेनचा स्प्रे येतो आता. आधी साफ करायची, मंग फवारायची."

मोहनसिंगनं ब्रश खाली ठेवला. शेजारच्या चहाच्या टपरीवरच्यांनी कप तोंडापाशी थांबवले.

"फवारायची? चेन हाय का तूर हाय?"

टपरी हसली. वैजनाथचे कान लाल झाले. आणि लाल कानाच्या माणसानं जे कधीच करू नये तेच त्यानं केलं. त्यानं शपथ घेतली.

"माझी गाडी मी घरीच करतो. आजपून तुमच्या गॅरेजात पाय ठिवला, तं बापाचं नाव लावनार न्हाई!"

गोरेगावात बातमीला चालत जावं लागत नाही. वैजनाथ घरी पोचायच्या आत दगडोबाला कळलं होतं.

"भांडन तुझं न् मोहनसिंगचं," दगडोबा म्हणाला, "मंग माझं नाव काहून डावाला लावलं? तुझं स्वतःचं न्हाई का?"

अशी सगळी पार्श्वभूमी. त्यामुळे स्टँड साधासुधा घेऊन चालणार नव्हता. त्यावर दगडोबाचं नाव उभं राहणार होतं. वर आणखी एक तारीख येऊन बसली. मोहिनीचं, म्हणजे वैजनाथच्या बायकोचं, माहेर हट्ट्याचं. तिची धाकटी बहीण सीमा तिथं बाळंत झाली होती आणि येत्या रविवारी लेकराचं बारसं होतं. गोरेगावहून हट्टा म्हणजे तीन ठिकाणी जीप बदलायची. मोहिनीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "जीपनं जानार न्हाई. मागच्या खेपेला कोन्हाची तरी कोंबडी माझ्या मांडीवर बसून आली."

बाराव्या दिवशी वैजनाथनं स्टँड मागवला. पॅडॉक स्टँड. लोखंडी नळीचा, लांब दांड्याचा, खाली दोन बारकी चाकं आणि वर दोन आकडे. शर्यतीच्या गाड्यांना तो लावतात. वैजनाथची गाडी शर्यतीत फक्त एकदाच उतरली होती, तीही दूध नासायच्या आत डेअरी गाठायला, पण ते असू दे.

पार्सल गोरेगावपर्यंत येत नव्हतं. "सेनगावला येऊन घेऊन जा," फोनवरचा माणूस म्हणाला. वैजनाथ जीपनं गेला, तिथंच खोका फोडून पाहिलं, आणि स्टँड मांडीवर घेऊन जीपनंच परत निघाला. जीपमध्ये शेजारच्या गल्लीतला ग्यानबा भेटला. त्यानं दांडा पाहिला, चाकं पाहिली, आकडे हातानं चाचपले.

"कोळपं हाय व्हय, तन काढायचं?"

"न्हाई. गाडीचा स्टँड हाय."

"दोन दात दिसून राहिले याला," ग्यानबा आकड्यांकडे बोट दाखवत म्हणाला. "हरभऱ्यात चालन बराबर."

संध्याकाळपर्यंत तिघं जण वैजनाथचं नवं कोळपं बघून गेले. एकानं भाड्यानं मागितलं.

गुरुवारी सकाळी प्रयोग झाला. आणि तेव्हा वैजनाथला एक बारीकशी गोष्ट कळली. या स्टँडचे आकडे ज्यावर अडकतात ते गोल बोबिन, म्हणजे रिळासारखे बारके खुंटे, गाडीच्या मागच्या दांड्यांना बसवलेले असावे लागतात. त्याच्या गाडीला ते नव्हते, बसवायला भोकंही नव्हती. चौदा व्हिडिओंत हे कुणी सांगितलं नव्हतं. बहुतेक पंधराव्यात असावं.

"चालतंय," वैजनाथ म्हणाला. "आकडे तसेच खालून लावू. मोहिनी, तू हँडल धर. सरळ धर. कायबी झालं तरी सोडू नको."

मोहिनीनं पदर खोचला आणि हँडल धरलं. वैजनाथ मागं गेला, आकडे लावले, दांड्यावर सगळं वजन टाकलं. आणि काय सांगावं, गाडी उचलली! मागचं चाक चक्क हवेत! वैजनाथच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की चंद्रावर यान त्यानंच उतरवलं असावं.

तेवढ्यात मोहिनीचा फोन वाजला.

गाडी आधी थोडी पुढं गेली, मग थोडी डावीकडं, आणि मग शेळ्यांच्या वाडग्याच्या काटेरी कुंपणावर निवांत आडवी झाली. अकरा शेळ्या एका सुरात ओरडल्या. क्लचचं लिव्हर मोडून वैजनाथच्या पायापाशी येऊन पडलं.

"सोडलं काहून?"

"सीमाचा फोन होता. बारशाला कवा निघता म्हून इचारून राहिली."

"मंग काय सांगितलं?"

"सांगितलं, गाडी तयार व्हऊन राहिली."

दगडोबानं वाडग्यातून डोकं वर काढलं. "बसली का गाडी? का अजून उभी करायची हाय?"

दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. पण वैजनाथ शिकलेला होता, तोही स्वतःचा स्वतः, त्यामुळे त्याला थांबवायला मास्तर नव्हता. चूक त्याची नव्हतीच, चूक स्टँडच्या प्रकाराची होती. आणि दूरदृष्टी बघा, पहिला स्टँड येईपर्यंत दम निघाला नाही म्हणून त्यानं दुसराही मागवून ठेवला होता. सिझर लिफ्ट. जीपचा जॅक असतो तसाच, पण वर रबर लावलेली फळी आणि बाजूला फिरवायचा दांडा. गाडीच्या पोटाखाली सरकवायचा, दांडा फिरवायचा, गाडी अलगद वर. पाचशे किलो उचलतो. भैंस भी उठा लेगा म्हणणारा भाऊ याच्याच खाली लिहून गेला होता.

शुक्रवारी ती लिफ्ट त्यानं सेनगावहून आणली. मोडकं लिव्हर नंतर बघू म्हणून वैजनाथनं आधी चेन सोडली. व्हिडिओत सांगितलं होतं, चेनचं लॉक काढा, चेन बाहेर काढून धुवा. लॉक म्हणजे नखाएवढी एक पत्र्याची क्लिप. त्यानं ती पक्कडीनं दाबली. क्लिप टिंग करून उडाली आणि वाडग्यात गेली.

वाडग्यात किती लेंड्या असतात हे शहरातल्या माणसाला कळायचं नाही.

"सापडंन," वैजनाथ म्हणाला आणि लिफ्ट गाडीखाली घातली. आता या लिफ्टला गाडीचं पोट सपाट लागतं. याच्या गाडीच्या पोटाखालून सायलेन्सरची नळी गेलेली. फळी नळीला टेकली, वैजनाथनं दांडा फिरवला, गाडी दोन बोटं उचलली, नळी दोन बोटं आत गेली. मग गाडी एका अंगाला कलली. ती पडू नये म्हणून वैजनाथनं हँडलला जाड दोराचा सोल बांधला आणि अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीवरून ओढून घेतला. मग लिफ्ट हळूच बाजूला काढून ठेवली.

हिशेब असा झाला, की सुरुवातीला गाडीची चेन कोरडी होती. आता क्लच मोडका, सायलेन्सर दबलेला, चेन बाजेवर मेलेल्या जनावरासारखी पसरलेली, आणि गाडी झाडाला बांधलेली. चेन अजूनही कोरडीच होती.

शनिवारी सकाळी घरातली सगळी माणसं वाडग्यात उकिडवी बसून क्लिप शोधत होती. वैजनाथ लेंड्या चाळत होता.

"आरं, ती माझी गव्हाची चाळनी हाय!" त्याची आई शालूबाई ओरडली.

"धुवून देतो ना आई."

"मला नको आता ती. तूच खाय तिच्यातलं."

क्लिप सापडली नाही. मोहिनी उठली, हात झटकले आणि अगदी शांतपणे बोलली.

"हे पाहा. उद्या सकाळी सातला मी निघनार. गाडीनं न्हाई तं जीपनं. जीपनं गेले तं महिनाभर येनार न्हाई. आन् बारशाला आलेल्या समद्या बायांना सांगीन, का आमच्या मालकांनी गाडी झाडाला बांधून ठिवली, तिला पेंड चारून राहिले."

"मोहिनी, आयक तं…"

"मोहनसिंगभाऊंकडं जा. दहा मिनटाचं काम हाय त्यांचं."

"मी शब्द दिला हाय."

"शब्द तुझा," दगडोबा कोपऱ्यातून म्हणाला, "नाव माझं. जायाचं असंन तं खुशाल जाय. पर आधी सांग, पुढं नाव कोन्हाचं लावनार? ग्यानबाचं लावतो का? तो न्हाई म्हननार न्हाई."

दगडोबाला त्या दिवशी स्वतःचंच काम होतं. पावसाळाभर चिखलात राहून शेळ्यांची खुरं वाढली होती, दोन तर लंगडत होत्या. दरवर्षी तो शेळी आडवी पाडायचा, गुडघ्याखाली दाबायचा आणि खुरं छाटायचा. यंदा कंबर धरली होती. पहिल्याच शेळीनं त्याच्या बरगडीत लाथ घातली आणि पळाली. दगडोबा कण्हत उठला. त्याची नजर त्या बेकार पडलेल्या लिफ्टवर गेली. फळी. रबर. दांडा.

त्यानं फळीवर पोत्याची घडी टाकली. शेळीच्या पोटाखाली लिफ्ट सरकवली आणि दांडा फिरवला. करकर आवाज झाला, शेळी वर उचलली, चारी पाय जमिनीपासून चार बोटं वर. शेळीनं उजवीकडं पाहिलं. डावीकडं पाहिलं. लाथ मारून पाहिली, पण मारायला खाली काही नव्हतं. मग तिनं विचार केला असावा की जगात असंही असतं, आणि रवंथ करायला लागली.

शालूबाईच्या हातून चाळणी गळाली. "अगं बया. पाळन्यात बसल्यावानी बसली की!"

पाच मिनिटांत चार खुरं झाली. ग्यानबानं कुंपणावरून हे पाहिलं आणि तो त्याच्या सात शेळ्या घेऊन आला. त्यानं दुसऱ्याला सांगितलं. बारा वाजेपर्यंत दगडोबाच्या दारात शेळ्यामेंढ्यांची रांग लागली होती. दगडोबा खुरं छाटत होता आणि दांड्यावर वैजनाथ बसला होता, कारण यंत्राचं ज्ञान घरात फक्त त्यालाच होतं.

"वर घे," दगडोबा म्हणायचा. वैजनाथ वर घ्यायचा. "खाली सोड." वैजनाथ खाली सोडायचा. चौदा व्हिडिओ बघून शिकलेला माणूस.

दोनच्या सुमाराला रांगेतल्यांनी अचानक माना वळवल्या. एक थोराड काळा बोकड पुढचा पाय उचलून लंगडत लंगडत अंगणात शिरला. दावं धरून मागं मोहनसिंग. खाकी शर्ट, खिशात पाने-पक्कड, बोटं काळी.

वैजनाथनं आभाळाकडं पाहिलं. मोहनसिंगनं लिंबाकडं पाहिलं.

"मी तुझ्याकडं आलो न्हाई," मोहनसिंग म्हणाला. "दगडोबाकाकाकडं आलो. चार जनांनी धरलं, पर हा कोन्हाला हात लावू देऊन न्हाई राहिला."

"आन रं तेला," दगडोबा म्हणाला. "वैजा, वर घे."

बोकड वजनदार होता आणि तापट होता. वैजनाथनं सगळी ताकद लावून दांडा फिरवला. बोकड वर गेला, पण तो सारखा अंग हलवायचा आणि दांडा उलटा फिरायला बघायचा. दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवल्याशिवाय इलाज नव्हता.

मोहनसिंगला आता काही काम राहिलं नाही. तो लिंबाखाली गेला, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"हिला फाशी काहून दिली?"

मोहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं आधी दांड्याला चिकटलेला नवरा पाहिला, मग रिकामा बसलेला मेस्त्री पाहिला, आणि तिचा चेहरा खुलला.

"मोहनसिंगभाऊ, बोकडाचं व्हईस्तोर बसून काय करता? तेवढी चेन लावून द्या की."

"हात लावायचा न्हाई माझ्या गाडीला!" वैजनाथ ओरडला.

"ये ना मंग," मोहनसिंग म्हणाला. "येऊन अडव."

वैजनाथनं एक हात सुटा केला. दांडा गर्रकन अर्धा फिरला, बोकड खाली झुकला, दगडोबाच्या हातातली कात्री त्याच्या अंगठ्यापाशी आली.

"वैजा! हलला तं पाहाय! उद्या नाव लावायला मी पायजे ना जित्ता!"

वैजनाथ परत दांड्याला चिकटला. आता तो फक्त बघू शकत होता, आणि त्यानं जे पाहिलं ते फार वाईट होतं. मोहनसिंगनं सोल सोडला. गाडी साइड स्टँडवर कलती केली. शालूबाईच्या पाणी तापवायच्या चुलीचा एक दगड पायानं ढकलत आणला आणि उजव्या अंगानं गाडीखाली सरकवला. मागचं चाक हवेत. बस. ना आकडे, ना बोबिन, ना पाच तारे.

"एवढंच?" मोहिनीनं विचारलं.

"एवढंच."

मोहिनीनं नवऱ्याकडं पाहिलं. बोकडानंही पाहिलं.

मोहनसिंगनं शर्टाच्या खिशातून चुन्याची डबी काढली. तिच्यात चुना नव्हता, तसल्याच नखाएवढ्या दहा-बारा क्लिपा होत्या. त्यातली एक लावून त्यानं चेन जोडली. लिव्हर आणायला ग्यानबाला गॅरेजला पाठवलं. ग्यानबानं कसलीच शपथ घेतली नव्हती, तो पळत जाऊन आला. दबलेली नळी बघून मोहनसिंग म्हणाला, "ही काय चालायला आड येत न्हाई. राहू दे. आठवन राहंन." मग हात पुसत त्यानं हाक मारली, "वैजनाथ, ते तुझं फवारायचं कुठं हाय?"

वैजनाथला वाटलं चेष्टा आहे. पण मोहिनीनं आतून स्प्रे आणून दिला आणि मोहनसिंगनं खरंच चेन पुसून काढली, फवारा मारला, चाक हातानं फिरवलं. चाक फिरत राहिलं. आवाज नाही. त्यानं वाकून वास घेतला.

"बरं हाय," तो म्हणाला. मग रांगेतल्या लोकांकडं बघून जरा मोठ्यानं म्हणाला, "वास बरा हाय म्हनलं मी. तेल माझंच बरं."

तिकडं बोकडाची चारी खुरं झाली. वैजनाथनं त्याला खाली सोडलं आणि दुखणारे तळवे चोळत उभा राहिला. बोकड न लंगडता चालत गेला आणि शालूबाईच्या चाळणीत तोंड घालून उभा राहिला.

"किती झाले?" वैजनाथनं विचारलं.

"तुमचे किती झाले?"

"आमी शेजाऱ्यापाजाऱ्याकडून काय घेत न्हाई."

"मीबी घेत न्हाई." मोहनसिंगनं दावं हाती घेतलं. दारापाशी जाऊन थांबला. "हे यंत्र मंगळवारी गॅरेजला आन. आमच्या तांड्यावर धा-बारा बकऱ्या हायेत लंगड्या."

अंगणातल्या सगळ्यांनी वैजनाथकडं पाहिलं. गॅरेजला आण, असं तो म्हणाला होता.

"मी घेऊन यीन," दगडोबा म्हणाला. "वैजाला बाहेरच उभा करू."

रविवारी सकाळी सातला गाडी निघाली. मोहिनी मागं बसली, मांडीवर बाळंतविडा. दारात शालूबाईनं पॅडॉक स्टँडच्या आकड्यांवर पाण्याचा हंडा बसवून पाहिला, तो इतका बराबर बसला की तिनं पोराला पहिल्यांदाच शाबासकी दिली. चेन सगळ्या रस्त्यानं गप्प होती. मोहिनी मात्र नव्हती. हट्ट्याला पोचेपर्यंत तिनं बारशात काय काय सांगणार ते सगळं क्रमानं म्हणून दाखवलं, आणि गाडी मिळाली असली तरी ते सांगणार नाही असं आपण म्हटलं नव्हतं, याची आठवणही करून दिली.

दुपारी मांडवात बाया खो खो हसत होत्या. वैजनाथ बाहेर गाडीला टेकून एकटाच उभा होता. तेवढ्यात मोबाइलवर निरोप आला. 'तुम्ही घेतलेली सिझर लिफ्ट कशी वाटली? आपलं मत इतरांना सांगा.'

तो खोटं लिहिणाऱ्यांतला नव्हता. पाच तारे दिले आणि लिहायला लागला.

'लिफ्ट एक नंबर आहे. मजबूत आहे. चारी पाय एकदम वर उचलते. थोराड मालही उचलते, फक्त दांडा सोडायचा नाही. घसरत नाही, जरा करकर वाजते. मधे मधे पाला टाकावा लागतो.'

खाली नाव मागितलं होतं. वैजनाथनं आजूबाजूला एकदा पाहिलं, मग एकेक अक्षर दाबत पूर्ण नाव लिहिलं. वैजनाथ दगडोबा पोले, गोरेगाव.